शिंपला नसलेली तिसरी

सोमवार, १४ मार्च २०३९. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पेशीवाचकाने अहवाल क्रमांक ३११८ पडद्यावर आणला. नमुना : डाव्या तळहातातली गाठ, अंगठ्याच्या बुडाशी. रुग्ण : स्त्री, वय ६१. 'ऊती कुणाची' या रकान्यात नेहमी एकच ओळ असते. आज दोन होत्या. माणूस, ८१ टक्के. पाफिया शेवंतिए, १९ टक्के. त्याखाली यंत्राने आपल्या पद्धतीप्रमाणे वर्गीकरण छापलं होतं : प्राणी, अपृष्ठवंशी, मृदुकाय, द्विपुट शिंपला.

पॅथॉलॉजिस्ट डॉ. अनुप्रिया घाटगे यांनी दोनदा वाचलं आणि मान वळवून तंत्रज्ञाला विचारलं, "डब्यात तिसऱ्या कुणी आणल्यात?"

"मॅडम, सोमवार आहे. माझा उपास असतो."

"मग हे काय आहे?"

तंत्रज्ञ पडद्याजवळ आला, वाकला आणि हात धुवायला गेला. गाठीचा दुसरा, सीलबंद तुकडा नव्या पात्यांनी कापून यंत्रात घातला गेला. अकरा पस्तीसला उत्तर तेच आलं. या वेळी वीस टक्के.

पेशीवाचक काही शोधून काढत नाही, तो फक्त जुळवून बघतो. नमुन्यातल्या डीएनएचे ओळखीपुरते तुकडे वाचायचे आणि देशाच्या 'जीवनोंद' या संग्रहात त्यांचा धनी शोधायचा, एवढंच त्याचं काम. जंतुसंसर्ग कुठल्या जंतूचा, बुरशी कुठली, हे तासाभरात कळावं म्हणून रुग्णालयांनी हे यंत्र घेतलं. संग्रहात मात्र फक्त जंतू नाहीत. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या लाखो नोंदी त्यात आहेत : गांडुळं, जळवा, पट्टकृमी, गोगलगायी, शिंपले, माकूळ. एके काळी यांची वर्गवारी कवच, वळ्या आणि दात मोजून व्हायची. मऊ अंगाच्या प्राण्यांच्या बाबतीत ती वर्षानुवर्षं अडून राहायची. आता प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात : नाव, ठिकाण, नमुना कोणत्या अवयवातून घेतला आणि कुणी घेतला. यंत्र या चार ओळींवर विश्वास ठेवतं. त्याच्यापुढे दुसरा इलाजही नसतो.

डॉ. घाटग्यांनी पाफिया शेवंतिएची नोंद उघडली. ठिकाण : मिठवली खाडी, सिंधुदुर्ग. अवयव : पायाचा स्नायू. साल २०२७. नमुना घेणाऱ्याचं नाव : वृषाली कुबल. खाली फोन नंबर होता. त्यांनी तो लावला.

"डॉ. कुबल? मी कोल्हापुरातून बोलतेय, डॉ. घाटगे, पॅथॉलॉजी. तुमच्या एका शिंपल्याबद्दल विचारायचं होतं. कुठे आहात आपण?"

"कोल्हापुरातच," पलीकडून आवाज आला. "तुमच्याच हॉस्पिटलात. तिसऱ्या मजल्यावर बाकावर बसलेय. आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय."

डॉ. घाटग्यांनी रुग्णाचं नाव आत्ता पहिल्यांदा नीट वाचलं. शेवंती रामचंद्र कुबल.

*

वृषाली कुबल छत्तीस वर्षांची होती आणि किनारी जैवविविधतेच्या एका संस्थेत मृदुकाय विभागाची प्रमुख होती. पाफिया शेवंतिए हा तिचा पहिला शोध. दिसायला ती कोकणात घरोघरी खातात त्या साध्या तिसरीसारखी. शिंपल्यावरची नक्षी तीच, कडा त्याच, आकार तोच. डीएनए मात्र नऊ टक्क्यांनी वेगळा. बाहेरून एक आणि आतून वेगळी अशी ती गूढ जात. त्या एका निबंधावर तिला डॉक्टरेट मिळाली, पुढे नोकरी मिळाली. जातीला तिने आईचं नाव दिलं, कारण त्या तिसऱ्या आईनेच खाडीतून वेचून दिल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी शेवंतीबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वृषालीने आपली एक दिली. तेव्हापासून शेवंतीबाई सकाळी आठ आणि रात्री आठ अशा वेळेला शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी गोळी घेत होत्या. ती नसली तर शरीर मुलीची किडनी परकी म्हणून नाकारणार.

दुपारी साडेबाराला किडनीतज्ज्ञ डॉ. इरफान बागवान यांच्या खोलीत तिघं बसली. बागवान कमी बोलणारे. त्यांनी कागदावर मधोमध रेघ ओढली.

"दोनच शक्यता," ते म्हणाले. "एक, मावशींच्या हाताला कधीतरी शिंपल्याचा कण रुतला आणि आत राहिला. त्याच्याभोवती वाढलेली गाठ त्यांच्या स्वतःच्या पेशींची, म्हणजे साधा कॅन्सर. तसं असेल तर हात काढायचा आणि औषधं द्यायची. किडनी बहुतेक वाचते."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे गाठच त्याची आहे."

डॉ. घाटगे म्हणाल्या, "हे अगदीच अशक्य नाही. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठी पट्टकृमीच्या पेशींच्या निघाल्या होत्या. त्याची प्रतिकारशक्ती संपलेली होती. कृमीच्या पेशी बिघडल्या आणि त्याच्या अंगात वाढत गेल्या."

"आणि शिंपल्यांमध्ये संसर्गजन्य कॅन्सर असतो," वृषाली म्हणाली. ती वर्गात शिकवावं तशी बोलत होती. "अटलांटिकच्या किनाऱ्यावर सापडलाय. एका शिंपल्याच्या रक्तात पेशी बिघडतात, पाण्यातून दुसऱ्यात जातात. मूळ शिंपला कधीच मरून जातो, पेशी राहतात. काही वेळा एका जातीतून दुसऱ्या जातीतही जातात."

"मग मला एवढंच सांगा," बागवान म्हणाले. "तुमची ही जात म्हणजे शिंपला आहे, की शिंपल्यात राहणाऱ्या पेशी? नोंदीत पायाचा स्नायू लिहिलंय. पायाचा स्नायू म्हणजे त्या प्राण्याचं स्वतःचं अंग. धडधाकट शिंपल्याची पेशी माणसात वाढत नाही. मग पहिली शक्यता खरी, आणि मी उद्याच सर्जनला बोलावतो."

"आणि दुसरी असेल तर?"

"तर मावशींच्या शरीराला जागं करावं लागेल. गोळी बंद. शरीराने त्या पेशींना परकं ओळखलं तर खाऊन टाकेल. पण परकी तुमची किडनीही आहे. ते दोघांत फरक करणार नाही." त्यांनी फाईल उघडली. "संपूर्ण डीएनए वाचायला पुण्याला पाठवलाय. दहा दिवस लागतील. गाठ रोज वाढतेय, एवढं थांबता येणार नाही. नोंद पक्की आहे ना?"

वृषाली म्हणाली, "नोंदीत आहे तेच."

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. खोलीबाहेर येऊन ती पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली.

*

तीन वाजता ती खोलीत गेली तेव्हा शेवंतीबाई एका हाताने मोसंबी सोलायच्या खटपटीत होत्या. डावा हात उशीवर, तळव्याला पट्टी.

"तोंड कित्याक सुकला गो तुजा?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरान काय सांगल्यान?"

वृषालीने मोसंबी हातात घेतली. "आये, खरा सांग. तू खाडीत गेल्लंस?"

"कोण सांगल्यान?"

"तुज्या हातान सांगल्यान."

शेवंतीबाई खिडकीकडे बघू लागल्या. ऑपरेशननंतर बागवानांनी त्यांना चिखल, खारं पाणी आणि कच्चे मासे यांपासून लांब राहायला सांगितलं होतं. दर तपासणीला ते विचारायचे, "काय ओ मावशी, खाडीला जाता का?" आणि त्या हसून म्हणायच्या, "खंय जातंय डॉक्टरांनु!"

"दोन वर्षा जातंय," त्या आता म्हणाल्या. "तू दर म्हयन्याक फोन करून इचारतंस, आये गोळी घेतलंस? मी सांगतंय, घेतलंय. ता खोटा नाय. खाडीचा तू कदी इचारलंस नाय."

"मनाय होती तुका!"

"माहीत आसा माका. पोरीच्या पोटाक टाके पडले आणि आवस चिखलात बसता, ह्या तुका खंयच्या तोंडान सांगू? पण घरात बसान करू काय? चाळीस वर्षा ह्या हातांनी तिसऱ्या उपसल्यानी. पाय चिखलात घातलो की माका कळता, हय खुबे, हय मुळे, हय तिसऱ्या. घरात पायांक लादी लागता नुसती."

"दुधी तिसऱ्या फोडलंस?"

"फोडल्याबिगर दुधी कशी कळतली? फोडायची, आत दूध दिसला की खाडीत टाकूची."

"त्यात बोट कापला?"

"विळीर बोट सगळ्यांचाच कापता गो. त्येचा काय इतक्या?"

मोसंबीची साल वृषालीच्या मांडीवर पडली होती. ती उचलायचं तिला सुचलं नाही. बारा वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने मग आईला सांगितली, कारण ती घडली तेव्हा आईच तिथे होती.

जानेवारी २०२७. मागल्या दारी शेवंतीबाईंनी अकरा दुधी तिसऱ्या विळीवर फोडून दिल्या होत्या. त्यांच्या अंगात पांढरट पाणी होतं, म्हणून वृषालीला त्या वेगळ्या वाटल्या होत्या. स्पिरिटची बाटली संपली होती, ती आणायला वृषाली बाजारात गेली. परत आली तर वाडग्यात मांस नव्हतं. आईने ते खाडीत टाकून दिलं होतं. दुधी तिसरीचं मांस मिठवलीत कुणी घरात ठेवत नाही. उरलं होतं ते फक्त वाडग्याच्या तळाचं पांढरं पाणी. भरती लागली होती, नव्या तिसऱ्या मिळणार नव्हत्या आणि नमुने दुसऱ्या दिवशी पाठवायचेच होते. तिने ते पाणी नळीत भरलं. जीवनोंदीचा अर्ज द्रव घेत नव्हता, त्याला घट्ट अवयव लागत होता. तिने लिहिलं : पायाचा स्नायू.

"त्या वाडग्यातला पाणी तू नेलंस?" शेवंतीबाई म्हणाल्या. "मी म्हटलंय मांजरान चाटल्यान."

"आये, तेव्हा तू मांस टाकलंस कित्याक?"

"दुधी होती म्हणान."

"म्हंजे काय?"

"म्हंजे रोगट. तिच्या अंगात तिचा सोताचा काय उरलेला नसता." शेवंतीबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू माजा नाव दिलंस त्या जातीक, पेपरात फोटो इलो. बारा वर्षांत एकदा तरी इचारलंस, आये, टाकतंस कित्याक? इचारलंस काय?"

वृषाली उठली आणि जिना उतरून बागवानांच्या खोलीत गेली. साडेतीन वाजले होते. तिने उभ्या-उभ्याच सांगितलं की नोंदीतली तिसरी ओळ खोटी आहे.

बागवानांनी पेन टेबलावर ठेवलं. ते रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त जड गेलं.

"मघाशीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "आता तुमच्या शब्दावर मी किडनी सोडू शकत नाही. हातही कापू शकत नाही. पुरावा आणा."

*

बुधवारी अकरा वाजता मिठवलीच्या खाडीत ओहोटीचं पाणी पार खाली गेलं होतं. चिखलाच्या पट्ट्यावर पंधरा-वीस बायका उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे एक ढीग, शेजारी टोपली. बाजारात तिसऱ्या फोडूनच जातात, त्यामुळे निवडणं तिथेच, पाण्याच्या कडेला व्हायचं. विळीवर एक फोडायची, आत बघायचं. चांगली टोपलीत. दुधी मागे न बघता पाण्यात.

"इलंस गो डॉक्टरीण?" इंद्रावती सारंग म्हणाल्या. शेवंतीबाईंच्या शेजारीण, वयाने त्यांच्याएवढ्याच. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. "आवस कशी आसा? हात कापतत म्हणे?"

"बघतत अजून. इंदूकाकी, दुधी किती गावतत हल्ली?"

"धातल्या सा."

"दहातल्या सहा?"

"आमी लगीन करून इलो तेव्हा शंभरात एक गावायची. तुज्या शाळेच्या वक्ताक धात एक. आता हे असे." इंद्रावतींनी बोलता बोलता एक फोडली, पाहिली आणि मागे भिरकावली. पाण्यात टपकन आवाज झाला. "आमका काय, जास्त फोडूच्या लागतत, इतक्याच."

वृषाली त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. शेजारच्या बाईने टाकली, पलीकडच्या बाईने टाकली. टप, टप. निरोगी तिसऱ्या टोपल्यांतून वर जात होत्या आणि रोगट खाली पाण्यात, अंगातल्या पांढऱ्या पाण्यासकट. चार पिढ्या, ओहोटीमागून ओहोटी, या खाडीतून फक्त चांगल्या काढल्या गेल्या होत्या. उरलेल्यांची लागवड होत होती. यात कुणाचा दोष नव्हता. घाण घरी न्यायची नाही एवढाच तो नियम. तिच्या आईने तो पाळला होता, तिच्या अकरा नमुन्यांचं मांसही त्याच नियमाने याच पाण्यात गेलं होतं.

"काकी, आजपासून दुधी पाण्यात टाकू नका. कोणीच."

"मगे काय करू? घरात ठेवू?" इंद्रावती हसल्या. बाकीच्याही हसल्या. "येवडा शिकून आमका तिसऱ्या निवडूक शिकवूक इली ही!"

"आणि बोटाक काय झाला?"

"विळी. दुसरा काय?"

वृषालीने बारा दुधी तिसऱ्या घेतल्या, या वेळी हातमोजे घालून आणि प्रत्येकीसाठी नवं पातं वापरून. प्रत्येकीच्या दोन नळ्या केल्या, एकीत पायाच्या स्नायूचा तुकडा, दुसरीत पांढरं पाणी. गाडीच्या मागच्या सीटवर छोटा पेशीवाचक होता. दोन वाजून दहा मिनिटांनी चोविसावी नळी वाचून झाली.

बाराही स्नायू साध्या तिसरीचे निघाले. बाराही नळ्यांतलं पाणी पाफिया शेवंतिएचं.

ती दार उघडं ठेवून सीटवर बसली. तिच्या जातीचा शिंपला जगात एकही नव्हता, कधी नव्हताच. संग्रहालयात बारा वर्षं काचेखाली ठेवलेले अकरा शिंपले दुसऱ्याच प्राण्याचे होते. ज्याला तिने नाव दिलं ते जनावर पांढरं पाणी होतं. कधी काळी, कदाचित हजारो वर्षांपूर्वी, कुठल्या तरी शिंपल्याच्या अंगात ते निघालं असेल. तो शिंपला मेला. याने कवच सोडलं, पाय सोडला, कल्ले सोडले, आणि दुसऱ्यांच्या कवचांत राहून ते जगत आलं. वर्गीकरणाच्या तक्त्यात त्याला जागा होती : प्राणी, अपृष्ठवंशी, मृदुकाय. वर्णनाच्या रकान्यात लिहायला मात्र काहीच नव्हतं.

आणि आता त्याने तक्त्यातली मोठी रेघ, अपृष्ठवंशी आणि पृष्ठवंशी यांच्यामधली, ओलांडली होती.

तिने बागवानांना फोन लावला. "पुरावा मिळाला," ती म्हणाली. "दुसरी शक्यता."

*

गुरुवारी सकाळी शेवंतीबाईंना सगळं सांगितलं गेलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी लेकीलाच विचारलं, "मगे ता जनावर, काय रोग?"

"दोनय, आये."

"असा कसा दोनय?"

"तिसरेक इचारशीत तर रोग. त्येका सोताक इचारशीत तर जनावर. त्येचाय पोट आसा, त्येकाय जगूचा आसा."

शेवंतीबाईंनी पट्टीवर उजव्या हाताचं बोट टेकवलं. "माजा नाव दिलंस त्येका. आता ता नावाच्या धन्याकडे इला." त्या हसल्या, आणि वृषालीला हसता आलं नाही.

"मावशी," बागवान म्हणाले, "गोळी बंद करावी लागेल. किडनी जाण्याची शक्यता मोठी आहे. गेली तर परत डायलिसिस. ती वाचवायला आम्ही धडपडू, पण खात्री नाही."

"किडनी तुमची न्हय आणि माजीय न्हय डॉक्टरांनु. ती ह्या माज्या चेडवाची. ती मी टाकूची नाय. हात कापा. खांद्यापासून कापा. दोन हात कित्याक होये माका?"

"काल काखेतली गाठ तपासली. तिथेही तेच आहे. हात कापून ते संपणार नाही."

वृषाली खुर्ची ओढून खाटेजवळ बसली.

"आये," वृषाली म्हणाली, "मी तुका किडनी दिलंय ती तू जगूक होयी म्हणान. सांभाळूक नाय दिलंय."

"गप बस. तुज्या पोटाचो टाको मी बघलंय."

"मगे माजा ऐक. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी इचारला, नोंद पक्की आसा? मी नाय म्हटलंय नाय. मी माजी जात सांभाळलंय, तुजो हात कापूक निघालेले तरी. तू खाडीचा लपवलंस, मी वाडग्याचा. आता दोघांनी काय सांभाळूचा नाय. सोडूया."

शेवंतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. मग बागवानांना म्हणाल्या, "एक अट. खाडीतल्या बायकांका मी सोता सांगतलंय, दुधी पाण्यात टाकू नका म्हणान. हिचा कोण ऐकूचा नाय. काल हसली मा तुका?"

"हसली."

"माका हसूची नाय. इंदूक फोन लाव."

फोन पंधरा मिनिटं चालला. त्यातली पाच मिनिटं शिव्या होत्या. त्या संध्याकाळपासून मिठवलीच्या बायका दुधी तिसऱ्या वेगळ्या डब्यात टाकून चुलीत जाळू लागल्या.

शुक्रवार, १८ मार्च, सकाळी आठ. शेवंतीबाईंना गोळी दिली गेली नाही.

*

पुढचे आकडे असे. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन शुक्रवारी १.१ होतं. रविवारी १.४ झालं, मंगळवारी १.९. हे अपेक्षित होतं. गाठ शुक्रवारी ४३ मिलिमीटर होती. रविवारी ४२. मंगळवारीही ४२. मंगळवारी ताप आला, एकशे एक. बागवानांच्या मते ते चांगलं लक्षण होतं : शरीर जागं होत होतं आणि कुणावर तरी धावून जात होतं. किडनीवर जात होतं हे दिसत होतं. गाठीवर जाईल, अशी आशा होती.

त्याच आठवड्यात वृषालीने जीवनोंदीच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. अवयवाच्या रकान्यातली 'पायाचा स्नायू' ही नोंद आपण जाणूनबुजून चुकीची केली होती, ती खोडावी. उत्तरात कार्यालयाने दोन गोष्टी विचारल्या. चौकशी होईपर्यंत आपण पदावरून बाजूला होणार का? आणि जातीचा मूळ नमुना आता कोणता धरायचा व तो कुठे ठेवलेला आहे? पहिल्याला तिने लगेच 'होय' लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाची जागा तिने रिकामी ठेवली. तो नमुना तिच्या समोर झोपलेला होता आणि झोपेत कण्हत होता.

बुधवारी तालुक्याच्या आरोग्य पथकाने मिठवलीत सेहेचाळीस बायकांचे हात तपासले. शेवंतीबाईंसारखी गोळी घेणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हा निव्वळ सोपस्कार समजला जात होता. परक्या पेशींना धट्टाकट्टा माणूस आत शिरू देत नाही, या एकाच गृहीतावर कोल्हापुरातला सगळा उपचार उभा होता. पथकाने दोघींच्या हातातल्या बारीक गाठींचे तुकडे घेतले. त्यातल्या एक इंद्रावती सारंग. त्यांनी चिंधी सोडली तेव्हा खालची जखम केव्हाच भरलेली होती, तिच्या जागी गाठ होती.

"चरबीची असतली," त्या पथकातल्या नर्सला म्हणाल्या. "माका आयुष्यात ताप इलेलो नाय."

गुरुवार, २४ मार्च. सकाळी साडेसहा : शेवंतीबाईंचं क्रिएटिनिन २.४. गाठ ४२ मिलिमीटर.

दुपारी चार वीस : अहवाल क्रमांक ३१७२. रुग्ण : इंद्रावती सारंग, वय ६०. चालू औषधं : कोणतीही नाहीत. माणूस, ७७ टक्के. पाफिया शेवंतिए, २३ टक्के.

डॉ. घाटग्यांनी तो कागद स्वतः वर नेला. बागवानांनी वाचला आणि घड्याळाकडे पाहिलं. गोळी पुन्हा सुरू केली तर किडनी वाचवायला अजून साधारण दोन दिवस होते. सुरू केली तर गाठीला मोकळं रान, आणि नाही केली तर शरीर तिच्यावर धावून जाईलच असं आता कुणी सांगू शकत नव्हतं. ते खोलीत गेले. वृषाली आईचा हात धरून बसली होती, डावा. तिने कागद घेतला, वाचला आणि उलटा करून चादरीवर ठेवला.

"कोणाचा काय इला?" शेवंतीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"इंदूकाकीचा."

"ती खंयची गोळी खाता?"

"खंयचीच नाय, आये."

शेवंतीबाईंनी डोळे उघडले. साडेपाचला गाठ पुन्हा मोजली गेली. ४३ मिलिमीटर. रात्री आठच्या गोळीबाबत फायलीत अजून काही लिहिलेलं नाही.